ब्रेक तपासले, ठीक

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला एकदा सांगायला बसले होते, पण सांगितलं ते निम्मंच, आणि त्या निम्म्यातही दोष दुसऱ्याच्याच माथी मारला. आईला काहीच माहीत नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून जाते. त्याला ठाऊक आहे म्हणून, की मलाच ऐकवत नाही म्हणून — कोण जाणे.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असावं. ओळखीच्या माणसाला दुसऱ्या दिवशी तोंड दाखवावं लागतं.

मी मूळची महाळुंगे पडवळची, लग्नानंतर मंचरची. गेली बरीच वर्षं गाड्या विकणाऱ्या एका ग्रुपमध्ये नोकरीला आहे. पुणे–नाशिक रस्त्यावर आमच्या शोरूम आहेत, सर्व्हिस सेंटर आहेत. नाव सांगत नाही. आमच्या भागातले असाल तर गाड्यांच्या मागच्या काचेवर आमचा स्टिकर पाहिला असेल तुम्ही. लोक आमचं नाव चांगलं घेतात. एखाद्या लग्नात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दुसऱ्याला सांगत असतो, गाडी घ्यायची तर तिथंच घे राव, फसवत नाहीत — ते ऐकून मला अजूनही आधी बरं वाटतं. मग मी तिथून उठते.

त्या चांगल्या नावासाठीच मी पगार घेते. आज सगळ्या शाखांमधल्या ग्राहकांचं म्हणणं माझ्याकडे येतं. ज्या वेळचं सांगतेय तेव्हा मी एका सर्व्हिस सेंटरला काउंटरवर होते. गाडी आली की तक्रार लिहून घ्यायची, तो कागद, म्हणजे जॉबकार्ड, मेकॅनिककडे द्यायचा, काम झालं की चावी ग्राहकाच्या हातात ठेवायची, आणि तीन दिवसांनी फोन करून विचारायचं — समाधानी आहात ना? असाल तर मोबाईलवर पाच स्टार द्या. कुणी वाईट लिहिलं तर त्याला उत्तर लिहायचं कामही माझंच. फार गोड लिहायचे मी. ‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून दिलगीर आहोत.’ मन कुठं असायचं त्यात? पण माणसं निवळायची. एका स्टारचे चार करून घेतलेत मी कित्येकदा. आमचे मालक, शेठ, चारचौघांत म्हणायचे, वैशालीताई आहेत तोवर मला जाहिरातीची गरज नाही. मला त्याचा गर्व होता. तो किती होता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगतेय.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांत जुने होते युसूफभाई. जुन्नरचे. पहिली पत्र्याची शेड उभी राहिली तेव्हापासून ग्रुपमध्ये. रोज जुन्नरहून मोटारसायकलवर यायचे, दहा मिनिटं आधी. मी कामाला लागले तेव्हा मला क्लच आणि ब्रेकमधला फरकही धड सांगता येत नव्हता. ते त्यांनी शिकवलं. ग्राहक म्हणाला आवाज येतो, तर नुसतं ‘आवाज’ लिहू नका, खरखर आहे का टकटक ते विचारा, निम्मं काम तिथंच होतं — हे त्यांचं सांगणं. पहिल्या वर्षी एक ग्राहक मला काउंटरवर वाटेल तसं बोलला, तेव्हा हातातला पाना तसाच घेऊन ते बाहेर आले आणि माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. ग्राहक जाईपर्यंत उभे राहिले फक्त.

त्यांची एक सवय होती. सगळं कॉम्प्युटरवर गेलं तरी जॉबकार्डाच्या तळाला ते स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहायचे. काय केलं, काय राहिलं. खाली सही.

ती गाडी होती धोंडिभाऊंची. जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात, भात आणि नाचणी पिकते तिकडचे ते. त्यांच्या वाडीतली ती पहिली चारचाकी. आमच्याकडूनच घेतलेली. आठवडी बाजाराला माणसं जुन्नरला आणायची, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं, सगळं त्याच गाडीवर. ब्रेक दाबला की पाय खाली जातो, अशी तक्रार घेऊन ते आले होते. युसूफभाईंनी गाडी वर घेतली, बघितली, आणि कार्डावर लिहिलं — ‘पुढचा डावा ब्रेक पाइप फुगलाय, ऑइल पाझरतंय. नवीन पाइप आल्याशिवाय गाडी देऊ नये.’ देऊ नये खाली दोन रेघा. पाइप पुण्याहून मंगळवारी येणार होता.

धोंडिभाऊ शुक्रवारी दुपारी काउंटरवर येऊन उभे राहिले. त्या आठवड्यातली त्यांची ती तिसरी खेप. शनिवारी त्यांच्या मेहुणीच्या घरी साखरपुडा होता, घरची माणसं न्यायची होती. ते चिडले नव्हते — लोक चिडले की मला हाताळता येतात. ते नुसते दमले होते. म्हणाले, माझा भाचा शिकलेला आहे, तो म्हणतो मोबाईलवर लिहितो तुमच्याबद्दल, मीच त्याला थांबवलंय.

आणि पुढच्याच सोमवारी गाड्या बनवणाऱ्या कंपनीची माणसं यायची होती. वर्षभर एकही तक्रार नसलेल्या सर्व्हिस सेंटरला बक्षीस म्हणून ढाल मिळायची. आमच्यावर एकही तक्रार नव्हती. ढालीसोबत माझं नाव पुकारलं जाणार होतं.

युसूफभाई जुम्म्याच्या नमाजला गेले होते. मॅनेजर पुण्याला होते. कार्ड माझ्यासमोर होतं. मी ते वाचलं. दोन रेघाही बघितल्या.

मला वाटलं, फुगलाय म्हणजे फुटलेला नाही. मला वाटलं, आला तसाच जाईल हळूहळू. मंगळवारी बोलावून घेऊ.

मी चावी दिली.

नवऱ्याला मी सांगितलं होतं की मॅनेजरनं द्यायला लावली. बिचारे मॅनेजर! त्यांना सोमवारपर्यंत पत्ताही नव्हता. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचा दाब नव्हता, नोकरी जायची भीती नव्हती. एवढंसं वाईट कुणी लिहू नये, म्हणून मी एका माणसाला ब्रेक नसलेली गाडी दिली. हे लिहिताना हात थांबतोय. पण तुम्हाला वाटत असेल की कबुली संपली — तर नाही. एवढंच असतं तर मी ते कधीतरी कुणाजवळ बोलले असते.

युसूफभाई परत आले. गाडीची जागा रिकामी बघून थेट माझ्याकडे आले. मी म्हटलं, ते ऐकेनातच, घेऊन गेले. ते माझ्यावर रागावले नाहीत. म्हणाले, ताई, त्यांना लगेच फोन करा, घाट उतरू नका म्हणावं, गाडी आहे तिथंच ठेवा, जुन्नरात कुठं तात्पुरता पाइप मिळाला तर मी उद्या सकाळी मोटारसायकलवर बांधून नेतो. मी म्हटलं, करते.

नंबर समोर होता. फोन उचललाही होता. मग विचार आला, काय सांगायचं? ‘देऊ नये’ असं लिहिलेली गाडी मी तुम्हाला दिली, असं? त्याचा भाचा काय लिहील त्यावर? मी फोन ठेवला. दुसरं काही काम आलं नाही, कुणी हाक मारली नाही. काउंटर रिकामा होता. सबंध दुपार माझ्याजवळ होती.

निघताना युसूफभाईंनी विचारलं, केला ना?

मी म्हटलं, केला.

शनिवारी अकराच्या सुमारास मोबाईलवर फोटो आला. घाटातल्या वळणावर डोंगराला घासून आडवी पडलेली गाडी. मागची काच शाबूत होती, आणि तिच्यावर आमचा स्टिकर. उतारावर ब्रेक लागेना, तेव्हा धोंडिभाऊंनी दरीची बाजू टाळून गाडी मुद्दाम डोंगरावर घातली. त्यामुळं सहा माणसं वाचली. पण डोंगराच्या बाजूला, पुढं, त्यांची बायको बसली होती. हिराबाई. तिचा पाय पत्र्यात अडकला. संध्याकाळी कळलं की गुडघ्याखालून काढावा लागला.

आता नीट ऐका. फोटो बघितल्यावर मी पहिलं काय केलं? कुठल्या दवाखान्यात नेलंय ते विचारलं नाही. मी रॅकजवळ गेले आणि ते कार्ड काढलं. वर्कशॉपमध्ये शनिवारची गर्दी होती, कंप्रेसर चालू होता, जुन्नरात पाइप न मिळाल्यामुळं कामावर आलेले युसूफभाई एका गाडीखाली होते — त्यांचे नुसते पाय दिसत होते मला. मी कॉम्प्युटरवर नवीन कार्ड काढलं. तळाला लिहिलं, ‘ब्रेक तपासले, ठीक.’ त्यांच्या वळणाचं अक्षर काढायला मला फार त्रास पडला नाही, इतकी वर्षं बघत होते. सही मात्र तीन कागदांवर गिरवावी लागली. जुनं कार्ड आणि ते तीन कागद फाडून मी संडासात टाकले आणि पाणी सोडलं. एकदा सोडून भागलं नाही. पुन्हा बादली भरून ओतली.

अक्षर कुठं हललं का? नाही. हेच मला आजही कळत नाही.

सोमवारी कंपनीची माणसं आली नाहीत. शेठ आले. त्यांच्या केबिनमध्ये मॅनेजर, मी आणि युसूफभाई. शेठबद्दल तुमच्या मनात काही वाईट येत असेल तर ते काढून टाका. त्या दिवशी त्या खोलीत खरं बोलायची सगळ्यांत मोकळी वाट त्यांनीच दिली होती. कार्ड टेबलावर ठेवून ते म्हणाले, “आपली चूक असेल तर आपण भरून देऊ. दवाखाना करू, गाडी देऊ, पेपरात माफी मागू. कुणाला तुरुंगात घालायचं नाही मला. फक्त मला खोटं सांगू नका.”

युसूफभाईंनी सगळं सांगितलं. पाइप फुगला होता, देऊ नये असं लिहिलं होतं, परत आलो तर गाडी गेलेली. आणि मग — ते माझ्या बाजूनं बोलले हो. म्हणाले, ताईंचा दोष न्हाई शेठ, गिऱ्हाईक ऐकना, तरी ताईंनी मागनं फोन करून सांगितलं व्हतं त्यांना, घाट उतरू नका म्हणून.

शेठनी तिथूनच धोंडिभाऊंच्या भाच्याला फोन लावला. असा कुठलाच फोन आला नव्हता.

शेठनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही फोन केला होता? मी म्हटलं, नाही. मला कुणी करायला सांगितलंच नव्हतं.

युसूफभाईंनी टेबलावरचं कार्ड उचललं. चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरलं. बराच वेळ धरलं. आधी म्हणाले, ही सही माझी न्हाई. मॅनेजर म्हणाले, मग कुणाची? उत्तर त्यांना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. रागानं नाही. एखादा पाना सापडत नसला की विचारायचे, तसं विचारलं.

“ताई, एकदा आठवून बघा. मी लिवलं व्हतं ना?”

त्या क्षणी हो म्हणता आलं असतं. एक अक्षर. शेठनी मला फाडून खाल्लं नसतं. कदाचित कामावरून काढलं असतं, कदाचित तेही नाही. मी काय म्हणाले?

“नाही युसूफभाई. तसं काही लिहिलं नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा टोपी घातली. शेठना म्हणाले, तुमाला पटंल तसं करा. आणि उठले. खोट्याच्या पुढं ते भांडले नाहीत. भांडले असते तर कदाचित मी मोडले असते. हीसुद्धा एक सबबच झाली. जाऊ द्या.

निवेदन मी लिहिलं. शेठ म्हणाले, तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? ‘आमच्या एका कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे एका कुटुंबावर आघात झाला. आम्ही चूक मान्य करतो. संबंधित मेकॅनिकला कामावरून कमी केले आहे. उपचारांचा सर्व भार आम्ही उचलत आहोत.’ गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते फिरलं. लोकांना फार आवडलं. आजकाल चूक कोण मान्य करतं, असं लिहू लागले लोक. दुसऱ्या वर्षी आमच्या जाहिरातीचं वाक्यच ते झालं — ‘चुकलो तर मान्य करतो.’ पेठ गावाजवळ रस्त्यालगत मोठा बोर्ड लागला. वाक्य मीच सुचवलं होतं.

निवेदनात युसूफभाईंचं नाव नव्हतं. पण जुन्नरात कुणाला माहीत नव्हतं? एका बातमीखाली कुणीतरी नाव टाकलं. आणि मग त्या नावावरून सुरू झालं. अशा लोकांना कामावर ठेवताच कशाला, मुद्दाम केलं असणार, यांचा काय भरवसा. ‘अशा’ म्हणजे कशा, ते वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. माझं काम काय होतं? उत्तर देणं. इतकी वर्षं मी एका फुटलेल्या आरशाच्या तक्रारीलाही उत्तर दिल्याशिवाय घरी गेले नव्हते. इथंही दिलं. ग्रुपच्या नावानं, हात जोडलेलं चित्र टाकून — ‘आम्ही आपल्या भावना समजू शकतो.’

त्या भावना समजू शकतो, असं लिहिलं मी. ज्या माणसानं मला क्लच आणि ब्रेक शिकवला, त्याच्याबद्दल.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले. फळं, फुलं, ग्रुपच्या फेसबुक पानासाठी एक फोटो. धोंडिभाऊ बाहेर बाकावर बसले होते. शेठ देवमाणूस आहेत म्हणाले, आणि युसूफभाईंना शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या, आणि मान हलवली. आत हिराबाई पडून होती. माझ्याच वयाची. पांघरुणाखाली एका बाजूला काहीच उंचवटा नव्हता आणि मी तिकडे बघत नव्हते. तिनं मला जवळ बसायला सांगितलं. आधी म्हणाली, आता भातलावणीला चिखलात उभं कसं राहायचं त्याचाच विचार करती. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं,

“बाई, त्या मिस्तरीला पोरंबाळं हायेत का?”

मी म्हटलं, आहेत. दोन मुली आहेत.

“मंग शेठला सांगा, त्याला कामावरनं काडू नका म्हणावं. त्यानं काय जाणून केलं आसंल व्हय? माझा पाय काय माघारी यायचा न्हाई. माझं नाव घेऊन सांगा.”

मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, सांगते.

ही ती गोष्ट. चावी, फोन, कार्ड, सही, केबिनमधलं ‘नाही’ — ते सगळं भीतीनं झालं असं मी स्वतःला कसंबसं सांगू शकते. पण यात कसली भीती होती? पाय गेलेल्या बाईनं आपल्या तोंडानं दिलेला निरोप होता तो. शेठ तिच्या शब्दाखातर युसूफभाईंना नक्की परत घेणार होते. मी तो निरोप पोचवला नाही. ते परत आले असते तर रोज सकाळी दहा मिनिटं आधी माझ्यासमोरून गेले असते. ते मला सोसवलं नसतं. म्हणून मी तो निरोप दवाखान्याच्या जिन्यातच टाकून आले.

युसूफभाईंनी जुन्नरात घराजवळ गॅरेज काढलं. चाललं नाही. ब्रेक न बघता सही करणारा मिस्तरी, असं नाव झालेल्या माणसाकडे गाडी कोण नेणार? मोठ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, असंही मी ऐकलं. त्या कारणानं मोडलं की आणखी कशानं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढं ते पारगावला गेले. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं एक आवार आहे, तिथं वेल्डिंग, हूक, चाकं अशी कामं करतात. हंगामात दिवसाला किती ट्रॉल्या येतात त्याला गणती नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिथं गेले. नवऱ्याला सांगितलं मैत्रिणीकडे जाते. दुपारची वेळ, रस्त्यावर उसाच्या पाचटाचा थर, ट्रॅक्टरांची रांग. युसूफभाई एका उलट्या केलेल्या ट्रॉलीपाशी बसले होते. दाढी पूर्ण पांढरी झालेली. मला बघून उठले, एका खोक्यावरची धूळ गोणपाटानं पुसली आणि बसा म्हणाले. चहा मागवला. माझ्या आईची तब्येत विचारली. तिचा गुडघा दुखायचा हे त्यांच्या लक्षात होतं.

मी वाक्य पाठ करून गेले होते. युसूफभाई, मला तुम्हाला काही सांगायचंय, एवढं बोलले, आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“मला नका सांगू ताई. मला म्हाईत हाय, त्या दिवशीपासनं म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगा.”

एवढंच. आवाज चढला नाही. चहा प्यायला लावला त्यांनी मला. मग कुणी हाक मारली तसे उठून कामाला लागले.

ज्यांना माहीत नाही ते कोण, हे काय मला सांगायला हवं? शेठ. धोंडिभाऊ. हिराबाई. युसूफभाईंच्या दोन मुली. तो सगळा जुन्नरचा बाजार. मी पारगावहून निघाले ती सरळ धोंडिभाऊंच्या वाडीकडे जायचं ठरवून. जुन्नरपर्यंत गेलेही. स्टँडवर पश्चिमेकडची एसटी लागलेली होती. मी चढले, तिकीट काढलं, खिडकीशी बसले. समोरच्या सीटवर डोंगरातल्या दोन बाया होत्या, बाजार करून परत निघालेल्या, मिरच्यांच्या पिशव्या पायाशी घेऊन. गाडी सुरू झाली तशी मी उठले आणि उतरले. कंडक्टर म्हणाला, काय बाई, राहिलं का काही? मी म्हटलं, हो, चुकीच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला कामावर होते.

गेल्या महिन्यात नव्या भरती झालेल्यांना मी शिकवत होते. तक्रार कशी हाताळावी, यासाठी मी दरवर्षी तीच गोष्ट सांगते — घाटातला अपघात, शेठचा मोठेपणा, चूक मान्य केल्यानं ग्रुपचं नाव कसं वाढलं. इतक्यांदा सांगितलीय की आता माझ्या आवाजात कुठं अडखळही येत नाही. त्यांत चाळिशीची एक बाई होती, मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच नोकरीला लागलेली. तिनं हात वर केला. त्या मेकॅनिकचं पुढं काय झालं, मॅडम?

मी म्हटलं, कल्पना नाही.

त्या रात्री नाही, त्यानंतर चार दिवसांनी, एका रविवारी दुपारी हे लिहायला बसले. घरात कुणी नव्हतं. लिहिताना मला वाटत होतं की हेच ते सांगणं, जे युसूफभाईंनी सांगायला सांगितलं होतं. कागदावर उतरलं की कधीतरी कुणाच्या हातात पडेल, आणि त्यांचं नाव धुऊन निघेल.

पण आत्ता वरून पुन्हा वाचलं, आणि मला दिसतंय मी काय केलंय ते. त्यांचं नाव युसूफभाई नाही. धोंडिभाऊ, हिराबाई हीही खरी नावं नाहीत. माझं नाव वैशाली नाही. पेठजवळच्या बोर्डावरचं वाक्यसुद्धा मी जरा बदलून लिहिलंय, कुणी ओळखू नये म्हणून. हे वाचून जुन्नरातल्या एकाही माणसाला कळणार नाही की कार्डावर ‘देऊ नये’ असं कुणी लिहिलं होतं. ते अजून पारगावला आहेत. या हंगामातही आहेत. आणि त्यांचं खरं नाव मला येतं, आणि मी ते इथं लिहिलेलं नाही.